शर्यतीचा मुक्काम

संचालकांचा फोन ठेवल्यावर नकाशेंनी आधी पंखा बंद केला, मग चालू केला आणि समोरच्या खुर्चीत कोणीही नसताना "बसा, बसा" असं म्हणाले. माणूस असं वागायला लागला की खुशाल समजावं, त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं आहे.

नकाशे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पर्यटन मंडळाच्या शाखेत बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला इतकी वर्षं गावाचे नकाशे वाटत आले होते, की त्यांचं खरं आडनाव लोक विसरले आणि पुढेपुढे तेही नकाशे म्हटलं की 'ओ' द्यायला लागले. शाखा म्हणजे बसथांब्याला लागून असलेली एक खोली, एक टेबल आणि भिंतीवर तळ्याचा फोटो. गावात बघण्यासारखं होतं ते एवढंच: तळं, घड्याळाचा मनोरा आणि जुना दगडी पूल. सकाळच्या बसने आलेली माणसं हे सगळं बघून, दोन कप चहा पिऊन संध्याकाळच्या बसने निघून जात. मुक्कामाला कोणी राहत नसे. गावात तीन लॉज होते आणि तिन्ही लॉजचे मालक दुपारभर एकमेकांच्या काउंटरवर पत्ते खेळत असत.

संचालकांनी फोनवर नेमकं हेच धरलं होतं. ज्या गावात पाहुणा रात्री राहत नाही, तिथली शाखा बंद करायची आणि तिथल्या माणसाला शहरात, मुख्य कार्यालयात बोलावून घ्यायचं, असं मंडळाने ठरवलं होतं. एकच शेवटची संधी होती. मंडळाची नवी योजना आली होती. प्रत्येक शाखेने गावातल्या एखाद्या क्रीडा संघटनेचा हात धरायचा, मिळून एक छोटी स्पर्धा भरवायची आणि स्पर्धेच्या निमित्ताने लॉज भरून दाखवायचे. बघायला संचालक स्वतः येणार होते.

मुख्य कार्यालयाची नकाशेंना मोठी धास्ती होती. एकदा प्रशिक्षणासाठी ते तिथे गेले होते आणि लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरून अर्धा दिवस भलत्याच खात्याच्या बैठकीत बसून आले होते. इथे ते दुपारी घरी जेवायला जात, आईशी भांडत, थोडं पडत आणि संध्याकाळी तळ्याकाठी चक्कर मारत. या गावावर त्यांचं मनापासून प्रेम होतं. ते सोडायचं या कल्पनेनेच त्यांना रडू येत होतं, आणि कार्यालयात कोणी नसल्यामुळे ते थोडे रडलेही.

गावात क्रीडा संघटना एकच होती, ती म्हणजे वेगाने चालण्याच्या शर्यतीची. पळायचं नाही, चालायचं. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, पुढचा गुडघा सरळ हवा, आणि एवढं सांभाळून माणसाने शक्य तितक्या घाईने जायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या सगळ्यांना एकाच वेळी घरी काहीतरी गॅसवर राहिल्याचं आठवलं आहे. संघटनेचे चिटणीस, खजिनदार आणि मुख्य पंच एकच गृहस्थ होते. शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे मास्तर. गळ्यातली शिट्टी ते फक्त आंघोळीला काढत, म्हणून गाव त्यांना शिट्टीमास्तर म्हणे.

दोघांची बैठक अगदी झकास झाली. मास्तर म्हणाले की शर्यत दरवर्षीप्रमाणे तळ्याला वळसा घालून गावातून होईल, मार्गाची काळजी नको. नकाशे म्हणाले की तिन्ही लॉज मंडळाच्या नावाने राखून ठेवतो, खोल्यांची काळजी नको. आणि माणसांचं काय, असा प्रश्न दोघांच्याही मनात आला नाही, कारण समोरच्याचा धंदाच तो आहे अशी दोघांचीही खात्री होती. नकाशेंच्या मते शर्यत म्हटली की बाहेरगावचे खेळाडू आलेच. मास्तरांच्या मते पर्यटन म्हटलं की बाहेरगावची माणसं आलीच. दोघांनी एकमेकांचा हात बराच वेळ धरून फोटो काढला आणि तो मुख्य कार्यालयाला पाठवला. मंडळाने तो फोटो छापून जाहिरातही केली, पण मंडळाची जाहिरात कोणी वाचत असेल असं ना मंडळाला वाटलं, ना नकाशेंना.

लॉजवाल्यांनी पत्ते आवरले. भिंतींना रंग लागला, नव्या चादरी आल्या, एकाने तर गरम पाण्याची सोयसुद्धा दुरुस्त करून घेतली. शर्यतीला दोन दिवस उरले तेव्हा नकाशे सहज म्हणून मास्तरांकडे गेले.

"मास्तर, तुमचे खेळाडू कुठल्या बसने येतायत? घ्यायला जावं म्हणतो."

"बस कशाला? चालतच येतील की," मास्तर म्हणाले. "पोस्टमन पलीकडच्या गल्लीत राहतो. दाताचे डॉक्टर तळ्यावर. शिवणकामवाल्या बाई तर तुमच्या भिंतीला भिंत लावून आहेत."

"म्हणजे सगळे इथलेच?"

"दरवर्षी इथलेच असतात. बाहेरचे तुम्ही आणणार ना? पर्यटन तुमच्याकडे आहे, माझ्याकडे शिट्टी आहे."

नकाशेंनी कपाळाला हात लावला आणि तिथेच पायरीवर बसकण मारली. मग त्यांनी मास्तरांना सगळं सांगितलं: लॉज रिकामे दिसले की शाखा बंद, आणि शाखा बंद झाली की आपली रवानगी त्या लिफ्टवाल्या इमारतीत. मास्तर तोंडाने कडक, पण मनाने लोणी होते. त्यांनी शिट्टी दोन बोटांत फिरवत विचार केला आणि म्हणाले की मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी खेळाडूंना घरापासून दूर शिबिरात ठेवतातच. आपणही ठेवू. शिबिर लॉजवर. साहेब आले की त्यांना लॉज भरलेले दिसतील, आणि कोण कुठलं हे कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

गावाने ही कल्पना अशी उचलून धरली की नकाशेंना गहिवरून आलं. मात्र गहिवर ओसरायच्या आत भानगडी सुरू झाल्या. पोस्टमनला एकट्याला झोप येत नसे, म्हणून त्याची बायको आली. बायको आली म्हणून मुलं आली. शिवणकामवाल्या बाईंनी बहिणीला घेतलं, बहिणीने सासूला घेतलं. दाताच्या डॉक्टरांनी आपल्याला तळं दिसणारीच खोली हवी असा हट्ट धरला. त्यांच्या स्वतःच्या घराच्या चारही खिडक्यांतून तळं दिसत होतं, पण तिकडे त्यांनी आजवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत लॉज शिगोशीग भरले आणि गावातली निम्मी घरं कुलूपबंद झाली.

नकाशेंनी सगळ्यांना बजावलं होतं की साहेबांनी विचारलं तर लांबून आलो म्हणायचं. लोकांनी साहेब यायची वाटसुद्धा पाहिली नाही. पोस्टमन काउंटरवर जाऊन पोस्ट ऑफिस कुठे आहे ते विचारत होता. जन्म ज्या गल्लीत गेला त्या गल्लीतल्या चहाला लोक "इथली चव वेगळीच" म्हणत होते. नकाशेंची बायको खोलीत पाऊल टाकल्याटाकल्या पलंगावर आडवी झाली.

"अहो, लग्नानंतर पहिल्यांदा मी दुसऱ्याने घातलेल्या चादरीवर झोपतेय," ती म्हणाली. "तुमचे साहेब दर महिन्याला नाही का येऊ शकत?"

फक्त नकाशेंची आई लॉजवर आली नाही. स्वतःचं घर असताना माणसाने भाड्याच्या पलंगावर झोपावं हे तिला मुळात पटत नव्हतं, आणि मुलाची नोकरी वाचवायची तर त्याने ऑफिसात जास्त वेळ बसावं, असं तिचं स्पष्ट मत होतं.

संध्याकाळची बस आली तेव्हा नकाशे मोठ्या लॉजच्या फाटकात उभे होते. साहेबांची गाडी येईल म्हणून त्यांची नजर रस्त्यावर लागली होती. तेवढ्यात बसथांब्याकडून मास्तर घाईघाईने आले. शर्यतीच्या नियमाप्रमाणे एक पाय जमिनीवर ठेवून आले, पण चेहरा पांढरा पडला होता.

"नकाशे, बाहेरचे आले."

"कोण बाहेरचे?"

"खरे बाहेरचे. अख्खी बस. कुठल्याशा चालणाऱ्यांच्या मंडळाने तुमची जाहिरात वाचली म्हणे. सगळे दमलेत आणि खोल्या कुठे आहेत ते विचारतायत."

आयुष्यभर ज्यांची वाट पाहिली ते पाहुणे मुक्कामाला आले होते, आणि गावात एक खाट शिल्लक नव्हती. लॉजमधल्यांना घरी पाठवावं तर साहेब कुठल्याही क्षणी टपकतील आणि बोचकी घेऊन निघालेली वरात त्यांच्या नजरेला पडेल. थोडा वेळ ते नुसते गरगर फिरत राहिले. मग मास्तरांनीच तोडगा काढला. खोल्या नसल्या तरी घरं तर रिकामी आहेत ना.

मग दोघे खोल्याखोल्यांतून किल्ल्या मागत फिरले. किल्ली द्यायला कोणी नाही म्हटलं नाही, पण नुसती किल्लीही कोणी दिली नाही. कुणाचा नळ डावीकडे पिळून वर ओढावा लागत होता, कुणाच्या दाराला खांदा लावल्याशिवाय ते उघडत नव्हतं. पोस्टमनच्या मांजराला दूध कोमट लागत होतं, गार दिलं तर ते तोंड फिरवून बसे. मास्तर किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसथांब्यावर गेले आणि पाहुण्यांना घराघरांत पोचवायला लागले. नकाशे फाटकात साहेबांची वाट बघत उभे राहिले.

साहेब काही आले नाहीत. अंधार पडला, जेवणं झाली, तरी गाडीचा पत्ता नाही. साहेबांचा बेत रद्द झाला असणार असं नकाशेंनी मनाशी ठरवलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. मास्तर परत आले तेही हात झटकत. सगळ्यांची सोय लागली होती. शेवटी एक जाडसर, चष्मेवाले गृहस्थ उरले होते, त्यांना कुठे घालावं ते कळेना, म्हणून तुमच्याच घरी आईंकडे सोडून आलो, असं मास्तरांनी सांगितलं. नकाशेंनी त्यांची पाठ थोपटली आणि त्या नव्या चादरीवर गाढ झोपले.

सकाळी तळ्याकाठी शर्यतीची रांग लागली. गावचे लोक गुबगुबीत गाद्यांवर झोपून आखडले होते आणि कमरेला हात लावून उभे होते. बाहेरचे लोक ताजेतवाने होते. नकाशे मागून पाणी पुरवायला म्हणून लॉजवाल्याच्या स्कूटरवर मागे बसले होते. त्यांनी रांगेवरून कौतुकाने नजर फिरवली आणि रांगेच्या टोकाला त्यांना स्वतःची निळी अर्धी चड्डी दिसली. चड्डी आपलीच, बाजूच्या शिवणीवरून ओळखू येत होती. त्यांची नजर हळूहळू वर गेली. चड्डीच्या वर पोट होतं, पोटाच्या वर चष्मा होता आणि चष्म्यामागे संचालक होते.

झालं होतं ते अगदी सरळ होतं. मंडळाची गाडी वाटेत बंद पडली, म्हणून साहेब मागून आलेल्या बसमध्ये बसले. बसथांब्यावर गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एका माणसाने त्यांना काही बोलू न देता एका घरी पोचवलं. त्या घरातल्या म्हातारीने आलेला माणूस खेळाडूच असणार असं गृहीत धरलं, त्यांना पोटभर वाढलं, वर गरम दूध पाजलं आणि मोबाइल काढून घेऊन झोपायला पाठवलं. पहाटे पांघरूण ओढून "ऊठ बाळा, शर्यत आहे ना तुझी?" म्हणत मुलाची चड्डी हातात दिली. साहेबांच्या निवृत्तीला दोन-तीनच वर्षं राहिली होती. आपली आई गेल्यापासून त्यांचं पांघरूण कोणी ओढलं नव्हतं. ते उठून चड्डी घालून तयार झाले होते.

शिट्टी वाजली. सगळे सुटले, आणि साहेब पहिल्याच वळणावर सगळ्यांत मागे पडले. त्यांच्या सोबतीला फक्त आखडलेला पोस्टमन होता. स्कूटर दोघांच्या मागे होती, त्यामुळे नकाशेंना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"कुठून आलात?" साहेबांनी धापा टाकत विचारलं.

"लांबून," पोस्टमन म्हणाला. त्याला बजावलेलं पाठ होतं.

"बसमध्ये दिसला नाहीत."

"चालत आलो. सराव होतो."

साहेबांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं. एवढ्यात मार्ग गल्लीत वळला आणि पोस्टमनचं घर आलं. खिडकीत पाहुण्यांबरोबर नुसती शर्यत बघायला आलेल्या एक बाई दुधाचं भांडं घेऊन उभ्या होत्या.

"अहो काका, तुमचं मांजर कपाटावर बसलंय, उतरतच नाही."

पोस्टमनने मान न वळवता चालत राहायचा प्रयत्न केला. पण मांजर त्याचं होतं आणि त्याने ते पिल्लू असल्यापासून सांभाळलं होतं. "दूध कोमट करा, आपोआप उतरेल," तो ओरडला, आणि मग साहेबांकडे बघून म्हणाला, "सगळ्याच मांजरांचं असं असतं."

त्यानंतर काही थांबेना. प्रत्येक खिडकीत शर्यतीत न उतरलेला कोणीतरी पाहुणा उभा होता आणि भिंतीवरच्या फोटोत पाहिलेला घरमालक खालून जाताना दिसला की त्याला हाक मारत होता. पुढे दाताच्या डॉक्टरांना कोणी गॅसची शेगडी पेटत नाही म्हणून विचारत होतं, आणि डॉक्टर गुडघा सरळ ठेवून डाव्या बाजूची कळ दाबायला सांगत होते. शिवणकामवाल्या बाईंचं गिऱ्हाईक दारात येऊन बसलं होतं आणि एक पाहुणा त्याचं माप घेऊ का म्हणून विचारत होता. सगळे उत्तरं देत होते आणि एकही जण धावत नव्हता, कारण मास्तरांचा डोळा प्रत्येकाच्या पायावर होता. शेवटी नकाशेंचं स्वतःचं घर आलं. आई फाटकात उभी होती.

"बाळा, पाठ ताठ ठेव," ती साहेबांना म्हणाली. मग तिचं लक्ष मागच्या स्कूटरकडे गेलं. "आणि तू काय मागे बसून हिंडतोस? लॉजात झोपून दमलास का?"

साहेबांनी चालताचालता एकदा मागे वळून नकाशेंकडे पाहिलं. नकाशेंनी डोळे मिटून घेतले.

शर्यत पाहुण्यांपैकी कोणीतरी जिंकली, त्याकडे नकाशेंचं लक्ष नव्हतं. साहेब शेवटून पहिले आले आणि तळ्याकाठच्या बाकावर बसून बूट काढायला लागले. नकाशे समोर जाऊन उभे राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. लॉजमधले सगळे गावातले आहेत, घरांमधले सगळे बाहेरचे आहेत, चूक सर्वस्वी माझी आहे, मास्तरांना यात ओढू नका. आणि मला बदली नको आहे साहेब, म्हणून हे सगळं केलं.

साहेबांनी पायाचा अंगठा चोळला.

"लॉज भरले होते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बाहेरची माणसं मुक्कामाला राहिली?"

"हो, पण..."

"मग पण कसला? नकाशे, मंडळाने बावीस शाखांना ही योजना दिली. बाकीच्या ठिकाणी बाहेरून कुत्रं फिरकलं नाही. तुमच्या गावाने पाहुण्यांसाठी घरं उघडली." त्यांनी चष्मा पुसला. "आणि मला गोळीशिवाय झोप लागत नाही. काल लागली."

शाखा वाचली. ही बातमी गावभर झाली तेव्हा मास्तरांनी इतकी शिट्टी वाजवली की तळ्यावरचे बगळे उडाले. नकाशेंनी आईला वाकून नमस्कार केला. तिने आशीर्वाद दिला आणि चड्डीची उसवलेली शिवण त्यांच्या पुढे धरली.

आठवड्याने साहेबांचा फोन आला. आवाजात न मावणारा आनंद होता. मंडळ या कामगिरीवर बेहद्द खूश होतं. हीच योजना आता सगळ्या शाखांत राबवायची होती आणि ती राबवायला, ज्याच्या डोक्यातून ती निघाली त्याच्याशिवाय दुसरा माणूस नव्हता. म्हणून नकाशेंना बढती देऊन मुख्य कार्यालयात, सहाव्या मजल्यावर बोलावण्यात आलं होतं.

"आणि इथली शाखा साहेब?" नकाशेंनी कसंबसं विचारलं.

"तिची चिंता सोडा. नोकरीची राहिलेली वर्षं मी स्वतः तिथे काढणार आहे. बदली मागूनच घेतली. राहायचं आईंशी बोलून झालंय, तुमची खोली रिकामीच होणार होती ना."

नकाशेंनी फोन ठेवला आणि आईकडे पाहिलं. आई बटाटे सोलत होती. माणूस भला आहे, ती म्हणाली, पानात टाकत नाही आणि उलट बोलत नाही. यातलं दुसरं कोणाला उद्देशून होतं ते नकाशेंना विचारावं लागलं नाही.

शहरात त्यांचे दिवस लिफ्टमध्ये आणि बैठकांमध्ये जायला लागले. पहिली जोडून सुट्टी आली तशी ते बायकोला घेऊन बस पकडून गावी निघाले. तळं दिसलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. घरी जायला म्हणून ते वळणार, तोच बायकोने बाही धरली.

"तुमच्या खोलीत साहेब आहेत. आणि घरी गेलं की अंथरुणं मलाच घालायची आहेत. सरळ लॉजवर चला."

लॉजवाल्याने त्यांना तळं दिसणारी खोली दिली. नकाशे खिडकीशी उभे राहून बराच वेळ बाहेर बघत होते, तेव्हा दारावर टकटक झाली. साहेब आले होते. रंग उजळला होता, पोट बरंच उतरलं होतं. त्यांनी नकाशेंना मिठी मारली, प्रवास कसा झाला ते विचारलं, आईंनी जेवायला बोलावलंय म्हणून सांगितलं.

"आणि आज रात्री राहताय ना?" जाताजाता त्यांनी काळजीने विचारलं. "नाही, म्हणजे या महिन्यात अजून मुक्कामाला कोणी आलेलं नाही. तुम्ही दोघं राहिलात तर शाखेला तेवढाच आधार."

राहतो म्हणून नकाशेंनी मान हलवली.